वाट विचारताना: नदीच्या कडेकडेनं

मागच्या अंकात महेश्वर ते सहस्रधारा या एका सकाळच्या सायकलफेरीबद्दल लिहिलं होतं. एवढ्याशा फेरीवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांचा प्रश्न एकच, निरनिराळ्या शब्दांत विचारलेला: गाड्यांच्या गर्दीतून सुटून, नदीला सोबत घेऊन, दोन-चार दिवस सायकल चालवता येईल अशी वाट कुठे आहे? म्हणून या वेळचं सगळं सदर त्या पत्रांना दिलं आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी इंदूरच्या शाळेत भूगोल शिकवत असे. निवृत्त झाल्यापासून नकाशावरच्या रेघा चाकाखाली घालून पाहते आहे. पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक पायांनी मोजलेलं आहे.

आम्ही दोघंही साठी ओलांडलेली. मुलगा म्युनिकला असतो. तो म्हणतो, तिकडे नदीच्या काठानं लांबच लांब सायकलवाटा आहेत आणि त्यांवर मोटार येतच नाही. पुढच्या मे महिन्यात जाणार आहोत. राजेंद्रनगर ते राजवाडा एवढीच आमची सायकल. झेपेल का? आणि आपल्या नर्मदेला अशी वाट का नाही?
*– एक वाचक दांपत्य, राजेंद्रनगर, इंदूर*

झेपेल. २०१८ च्या सप्टेंबरात लेकीबरोबर मी डॅन्यूबच्या काठानं पासाउ ते व्हिएन्ना गेले, तेव्हा मीही साठीला टेकले होते. अंतर साधारण ३२० किलोमीटर. आम्ही आठ दिवस घेतले, म्हणजे रोजचे चाळीस. पासाउ हे जर्मनीच्या सीमेवरचं गाव. तिथे इन आणि इल्झ या दोन नद्या डॅन्यूबला मिळतात. इल्झचं पाणी काळसर, इनचं फिकट हिरवट, आणि संगमानंतर बराच वेळ ते पट्टे वेगळे दिसत राहतात. तिथून व्हिएन्नापर्यंत नदी जेमतेम दीडशे मीटर खाली उतरते. ३२० किलोमीटरमध्ये दीडशे मीटर! उतार डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना मात्र कळतो. वाराही बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, तो पाठीशी राहतो. म्हणून जायचं ते व्हिएन्नाच्या दिशेनं, उलट नाही.

दुसऱ्या दिवशी श्लोगेनला पोचाल. नदी तिथे डोंगराला वळसा घालून जवळजवळ आल्या वाटेनं मागे फिरते. दोन्ही बाजूंना झाडी इतकी उभी आहे की मोठ्या रस्त्याला जागाच उरलेली नाही. छोटी नाव सायकलीसकट पलीकडे सोडते. त्या वळणावर माझ्या चेनला तेल कमी पडलंय हे मला कळलं, कारण तिच्या कुरकुरीखेरीज दुसरा आवाजच नव्हता. पुढे ओटेन्सहाइमपासून लिंझपर्यंत मात्र सायकलवाट मोटाररस्त्याला अगदी खेटून जाते. तेवढा भाग मान खाली घालून उरकून टाका. वेळ वाचवा तो मेल्क ते क्रेम्ससाठी. ते वाखाउचं खोरं: जर्दाळूच्या बागा, पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे. वाटेत विलेनडॉर्फ नावाचं खेडं लागतं. १९०८ साली तिथे बोटभर उंचीची, हजारो वर्षांपूर्वीची दगडी स्त्रीमूर्ती सापडली. हे अंतर एका दिवसात सहज होतं, पण तिथे दोन दिवस घालवा.

सायकल इथून नेऊ नका. पासाउला भाड्यानं मिळते, मागे दोन पिशव्या अडकवता येतात, आणि व्हिएन्नाहून रेल्वेनं परत येता येतं. सरावाबद्दल एकच सांगते. एका दिवशी चाळीस किलोमीटर होतात. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच सीटवर बसताना असते. तेव्हा जानेवारीपासून आठवड्यात एकदा लागोपाठचे दोन दिवस चालवा, भले पंचवीस-पंचवीसच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त जवळचा आहे. डॅन्यूबची ती वाट मुळात सायकलसाठी झालेलीच नव्हे. आगबोटी येण्याआधी मालानं भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध घोडे ओढत नेत. त्या घोड्यांना चालायला काठाकाठानं पट्टी मोकळी ठेवलेली असे. तिला तिकडे ट्रेपेलवेग म्हणतात. घोडे गेले, पट्टी राहिली, आणि पुढच्या पिढीनं तिच्यावर सायकली घातल्या. स्पेननं १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या ‘हिरव्या वाटा’ केल्या. अमेरिकेत मिसुरी नदीच्या बाजूनं केटी ट्रेल जाते, तीही बंद पडलेली रेल्वेच. लांबी साधारण ३८५ किलोमीटर. शांत वाट कोणी शून्यातून आखत नाही. आधीचं कुणाचं तरी येणंजाणं थांबतं किंवा मंदावतं, आणि त्याची जागा शिल्लक राहते.

या नजरेनं पाहिलं तर नर्मदेला वाट नाही असं म्हणवत नाही. शेकडो वर्षं परिक्रमावासी दोन्ही तटांवरून पायी चालत आले आहेत. जगातल्या दुसऱ्या कुठल्या नदीला अशी सलग पायवाट असेल का, मला शंका आहे. तिच्यावर कोणी खडी घातली नाही, बाणाची पाटी लावली नाही, आणि मोठमोठ्या तुकड्यांत ती धरणांच्या पाण्याखाली गेली. तरी उरली आहे तेवढी शोधता येते. कशी, ते पुढच्या उत्तरांत येईलच. एवढं मात्र आधीच स्पष्ट सांगते: मोटार अजिबात येणार नाही असा सलग रस्ता निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातल्या या आमच्या भागात, एकही नाही. मिळतात ते तुकडे, आणि ते जोडायचं काम आपलं.

मी चोवीस वर्षांचा. विजयनगरला राहतो, गेल्या वर्षी गिअरची सायकल घेतली. मित्र एबी रोडनं (आग्रा-मुंबई महामार्गानं) महेश्वरला जाऊन आले. मला ट्रकांची भीती वाटते हे त्यांना सांगता येत नाही. दुसरा रस्ता आहे का?
*– एक वाचक, इंदूर*

अरे, भीती वाटते हे सांगायला लाजू नकोस. मानपूरच्या पुढचा गणपती घाट ट्रकांचे ब्रेक जाऊन झालेल्या अपघातांसाठीच कुप्रसिद्ध आहे. तिथे सायकलवाल्यानं शौर्य दाखवण्यासारखं काही नाही.

तू महूहून बडगोंद्याच्या बाजूनं जाम गेटला जा आणि तिथून मंडलेश्वरला उतर. हा रस्ता नवा नाही. होळकरांची राजधानी महेश्वरला होती तेव्हा माळव्याच्या पठारावरून नर्मदेकडे उतरणारी ही त्यांची वाट. घाटाच्या तोंडावरचा तो दगडी दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधला. वरच्या मजल्यावरून दक्षिणेकडे पाहा. पठार एकदम संपतं आणि खाली निमाड धुरकट पसरलेलं दिसतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि महेश्वर दीडशेच्या जरा वर. डॅन्यूब ३२० किलोमीटरमध्ये जेवढी उतरते त्याच्या अडीचपट तू एका सकाळी उतरतोस, आणि त्यातलं बहुतेक या एकाच घाटात. मी वर्गात फळ्यावर खचदरी काढून दाखवायचे: मधली जमीन खचली, दोन्हीकडच्या कडा उभ्या राहिल्या, आणि त्या खाचेतून नर्मदा पश्चिमेला वाहते. मुलांना ते पाठ व्हायचं, पण पटायचं नाही. जाम गेटवर पटतं.

शनिवार-रविवार जाऊ नकोस, पावसाळ्यात तर मुळीच नको. इंदूरची अर्धी गर्दी तिथे धबधबे आणि भुट्टे शोधत आलेली असते. रजा काढ, बुधवारी जा. पहाटे साडेचारला निघालास तर महू ओलांडताना उजाडतं आणि आठच्या आत घाटमाथा येतो. त्यानंतर उन्हाचा त्रास आणि टँकर दोन्ही वाढतात.

उतरताना सगळं लक्ष ब्रेककडे. २०१६ साली मी याच घाटात पडले. आदल्या दिवशी एका दुकानातून सायकल ‘सर्व्हिस’ करून आणली होती. पुढच्या ब्रेकची वायर धरणारा बोल्ट नीट आवळलाच नव्हता. तिसऱ्या वळणावर वायर निसटली, वळणावर गिट्टी सांडलेली होती, आणि डाव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर पडलं. तेव्हापासून घाटाच्या वर उभं राहून दोन्ही लिव्हर पूर्ण ताकदीनं दाबून पाहिल्याशिवाय मी खाली चाक सोडत नाही. तूही सोडू नकोस. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर मध्ये दोनदा थांबून रिमला हात लावून बघ. चटका बसला तर दहा मिनिटं थांब.

खाली आलास की सागाचं जंगल मागे पडतं, कापूस आणि मिरची सुरू होते, हवा दोन कपडे काढायला लावते. मंडलेश्वरजवळच जलूद आहे. १९७८ पासून तिथून नर्मदेचं पाणी उपसून सुमारे ७० किलोमीटरवरच्या इंदूरला चढवतात. तुझ्या बाटलीत सकाळी भरलेलं पाणी याच नदीचं होतं, पाइपानं घाट चढून आलेलं. मंडलेश्वरहून महेश्वर नदीच्या बाजूबाजूनं, सपाट. त्या दिवशी परत चढायचा हट्ट करू नकोस. रात्री तिथे राहा, पहाटे घाटावर बस, आणि बसच्या टपावर सायकल टाकून ये. टपावर चढवताना हँडल आणि मागचं चाक दोन्ही बांध, आणि दोरी स्वतःची ने.

आम्ही तिघं मित्र बडोद्याचे, तिघांच्याही घरी मराठी. रावेरखेडीला बाजीरावांच्या समाधीवर सायकलनं जायचं खूप वर्षांचं मनात आहे. हायवे टाळून जाता येईल का?
*– एक वाचक, वडोदरा*

तुमच्या पत्रानं मला फार आनंद झाला, कारण ही माझी सगळ्यात आवडती वाट आहे आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

महेश्वरपर्यंत कसंही या. तिथे किल्ल्याखालच्या घाटावर नावाडी असतात. आधी भाडं ठरवा, सायकली आडव्या ठेवा, पेडल होडीच्या लाकडाला लागू देऊ नका. पलीकडे नावडातोडी. इथे जरा थांबा. १९५२-५३ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि तुमच्याच बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून महेश्वर आणि नावडातोडीला उत्खनन केलं; डॉ. सांकलिया आणि डॉ. सुब्बाराव त्यात होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, रंगवलेली मडकी, जळलेलं धान्य या टेकाडातून निघालं. आज तिथे पाहायला फारसं काही नाही. पण पलीकडे अहिल्याबाईंचा घाट, पायाखाली हे, आणि मध्ये नदी. पाच मिनिटं उभं राहण्याजोगी जागा आहे.

तिथून कसरावदला या आणि मग पूर्वेकडे वळा. इथे एक युक्ती सांगते, ती कुठल्याही खोऱ्यात चालते. मैलाच्या दगडाचं डोकं पाहायचं. पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग; दोन्हीकडे पाठ करा. केशरी डोकं म्हणजे ग्रामसडक. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, त्यानंतर निमाडातल्या काठावरच्या खेड्यांना हे अरुंद डांबरी रस्ते मिळाले. आणि त्यांतही जो रस्ता नदीवर जाऊन संपतो तो आपला. पुढे कुठे जात नाही म्हणून त्याच्यावरून कोणी ‘पास’ होत नाही. दूधवाला, शाळेची मुलं, बैलगाडी, एखादा ट्रॅक्टर, बस्स. एका गावात नदीपर्यंत जायचं, पाणी पाहायचं, थोडं मागे येऊन पुढच्या गावाचा फाटा धरायचा. अंतर दीडपट होतं. होऊ द्या.

दोन सावधगिऱ्या. काही ठिकाणी वाळूचे ट्रॅक्टर भल्या पहाटे भरधाव येतात. अंधारात निघू नका, दिशा उजळल्यावर निघा. आणि कालव्याच्या कडेनं मुरमाची सरळ, मोकळी, सुंदर वाट दिसेल. मीही तिच्यावरून गेले आहे. पण गावात विचारून जा, आणि पाण्याच्या बाजूनं कधीच चालवू नका. काँक्रीटचे तिरपे काठ शेवाळलेले असतात. चांगल्या पोहणाऱ्यालाही त्यावरून वर येता येत नाही.

बेडियाला पोचलात की नाकाला कळेल, तिथे मिरचीची मोठी मंडी भरते. हिवाळ्यात लाल मिरची वाळत घातलेली मैदानं दुरूनच दिसतात. तिथून रावेरखेडी जवळ. नर्मदेच्या दक्षिण तटावर, भिंतींच्या आवारात साधी दगडी समाधी आहे, नानासाहेब पेशव्यांनी बांधवून घेतलेली. २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव इथे तापानं गेले. चाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

मी तिथे चारदा गेले आहे. तीनदा हिवाळ्यात, आणि एकदा मुद्दाम एप्रिलच्या शेवटी, गाडीनं. दुपारी दोनला आवाराच्या भिंतीला हात टेकवला तर तो टेकवून ठेवता येईना. नदीवरून वारा येत होता, तोही भाजणारा. इतक्या वर्षांत पुस्तकातली ती तारीख मला त्या दुपारी खरी वाटली. तुम्ही मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच या; निमाडात मार्चच्या मध्यानंतर दहा वाजल्यापुढे सायकल चालवणं शरीराला परवडत नाही. परतताना सनावद, मोरटक्का करून ओंकारेश्वरला मुक्काम करा. सनावद ते मोरटक्का मोठा रस्ता टळत नाही, कपाशीच्या हंगामात त्यावर गाड्या फार असतात. तो तुकडा दुपारी, जेवणाच्या वेळी उरका.

खाण्याची काळजी नको. कुठल्याही गावात ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मागा. मागितली की पैसे घेत नाहीत, म्हणून मुलांसाठी काहीतरी बरोबर ठेवा. मी पेन्सिली नेते.

बाईनं एकटीनं जावं का?
*– एक वाचक, देवास*

मी जाते. पण पहिली दोन वर्षं गेले नाही. आधी त्याच वाटेनं तिघी-चौघींनी जायचो, गावं ओळखीची झाली, मग एकटी. गावात शिरताना पारावर न थांबता थेट हातपंपावर जाते, कारण तिथे बायका असतात. पाच मिनिटांत कोणाची सून, कुठलं गाव, एवढी सायकल कशाला, सगळं विचारून होतं आणि त्यानंतर त्या गावात मी परकी नसते. चार वाजता मुक्काम ठरलेला असलाच पाहिजे, सहा वाजता नव्हे. आश्रमात किंवा धर्मशाळेत बायकांची वेगळी खोली आहे का, हे फोनवर विचारून घेते. नसेल तर तो मुक्काम रद्द. घरी दिवसातून दोनदा ठरल्या वेळी फोन. कपडे साधे, सलवार-कुडता, ओढणी मात्र पिशवीत. चाकात अडकते.

सायकलवरून नर्मदा परिक्रमा केली तर ती परिक्रमा मानतात का?
*– एक वाचक, खंडवा*

मानायची की नाही, हे तुमच्या आणि नर्मदामाईच्या मधलं. लोक सायकलवरून करतात. मला दर हिवाळ्यात दोन-तीन तरी भेटतात आणि ‘नर्मदे हर’ म्हटलं की आश्रमवाले त्यांनाही पायी चालणाऱ्यांसारखंच वाढतात. नदी अमरकंटकपासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तट मिळून २६०० च्या वर. चातुर्मास संपल्यावर, देवउठनी एकादशीनंतर निघतात. नदी नेहमी उजव्या हाताला. मध्ये कुठेही ओलांडायची नाही, म्हणून वर मी बडोद्याच्या मित्रांना सांगितलेली महेश्वरची होडी तुम्हाला बंद! समुद्राच्या तोंडाशी मात्र नावेनंच पलीकडे जातात.

व्यवहाराचं सांगते. पायी चालणारा काठ सोडत नाही, सायकलला मात्र नाला आला की वर, पुलापर्यंत जावं लागतं. इंदिरासागर आणि सरदार सरोवर यांच्या भोवती तर जुनी काठावरची वाट पाण्यात आहे. नदी दिवस-दिवस दिसतच नाही आणि तुम्ही ट्रकांच्या रस्त्यावर असता. अनेकांना तिथे मन खट्टू झालेलं पाहिलं आहे. सगळी परिक्रमा सायकलनं करायचा आग्रह नसेल, तर ओंकारेश्वर ते महेश्वर हा तुकडा पायी करून पाहा. जी वाट चाकाला मिळत नाही ती पावलांना मिळते. आणि ओंकार पर्वताची सात किलोमीटरची प्रदक्षिणा पायीच करा, तिथे पायऱ्या आहेत.

एका दिवसात पाच पंक्चर. काय चुकलं?
*– एक वाचक, धार*

बाभूळ. काठाच्या वाटांवर कुंपणासाठी तोडलेल्या फांद्या पडलेल्या असतात. टायर निदान ३५ मिलिमीटर रुंद घ्या, दोन जादा ट्यूब बाळगा, आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोटं फिरवा. तुमची पाचही पंक्चर बहुधा एकाच काट्याची असतील, तो टायरमध्ये तसाच राहिला. आणखी एक: पावसानंतर दोन दिवस काळ्या मातीत सायकल घालूच नका. चिखल मडगार्डमध्ये भरून चाक फिरणं थांबतं, मग सायकल खांद्यावर. उन्हानं वरचा थर पांढुरका झाला की जा.

माझे आजोबा महू-खंडवा मीटरगेजवर गँगमन होते. आता तो मार्ग बंद आहे. पाताळपाणीच्या खाली त्या रुळांच्या बाजूनं सायकल नेता येईल का? आणि तुम्ही म्हणता तशी तिथे सायकलवाट होईल का?
*– एक वाचक, महू*

पहिल्याचं उत्तर नाही. जमीन रेल्वेची आहे, पाताळपाणी ते काळाकुंड हा साधारण दहा किलोमीटरचा तुकडा तर २५ डिसेंबर २०१८ पासून वारसा गाडीसाठी राखलेला आहे. पूल उघडे आहेत, बोगद्यांत बाजूला सरकायला जागा नाही. कृपा करून जाऊ नका.

दुसऱ्याचं उत्तर मी मनापासून देते. व्हावी. १८७० साली तुकोजीराव होळकरांनी या रेल्वेसाठी इंग्रजांना १ कोटी रुपयांचं कर्ज दिलं, १०१ वर्षांच्या बोलीनं, साडेचार टक्क्यांनी. कड्यावरून खाली, चोरल नदीचा हात धरून, आगगाडी निमाडात उतरली. रेल्वेचा चढ कधीच उभा नसतो. जाम गेटला छाती फुटते तसं इथे होणार नाही. साठीची माणसं आणि दहा वर्षांची मुलं दोघंही चढतील असा घाट या सगळ्या भागात हा एकच. २०२३ मध्ये मीटरगेजच्या गाड्या थांबल्या आणि ब्रॉडगेज घाटात वेगळ्या मार्गानं नेत आहेत. म्हणजे काळाकुंडच्या खाली, चोरलच्या काठानं, बलवाड्याकडे जाणारी जुनी वाट मोकळी होण्याची शक्यता आहे. डॅन्यूबवर घोडे गेले तेव्हा पट्टी कोणाला तरी मागावी लागली असेल. आपणही मागायला हवी, तिच्यावर दुसरं काही उभं राहायच्या आत. मी रेल्वेला आणि पर्यटन खात्याला पत्रं लिहिली आहेत, आणखी लिहीन.

तोपर्यंत वारसा गाडीनं जा. पाताळपाणीला तंट्या मामाच्या (तंट्या भिल्लाच्या) देवळापुढे गाडी क्षणभर थांबवून चालक नमस्कार करत, ते आजोबांनी पाहिलेलं असणार. काळाकुंडला पानावरचं कलाकंद घ्या. आणि आजोबांची काही आठवण घरात कोणाला असेल तर लिहून काढा: कुठल्या मैलावर झरा होता, कुठला पूल पावसात अडायचा, गँगमनची झोपडी कुठे, दुपारी सावली कुठे मिळायची. रेल्वेच्या नकाशात हे नसतं, आणि सायकलवाट आखताना हेच लागतं. पत्र माझ्या नावानं मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पान कितीही लांबलं तरी चालेल.